गुडघ्याशेजारचा पाइप

...नाही, नाही, बाबा, तो पाय तिकडे नका टेकवू — दाराकडे घ्या, हां, असा. हा टॉवेल मध्ये राहू दे. थंडी? नाही, थंडीसाठी नाही — म्हणजे थंडीसाठीच. निमिष नारळ आणायला आत गेलाय, येईलच, आईंनी नाशिकहून राहुकाळ कळवलाय ना, त्याच्या आधी चावी फिरवायची आहे. चाकांखाली लिंबंसुद्धा ठेवलीत तुमच्या मुलाने, स्वतः इंजिनियर असून — बाप रे. दारच होतं, वाऱ्याने वाजलं. मला ना, जरा काही वाजलं की हातातलं सुटतं.

म्हणजे बघा, निमिषने या गॅरेजमध्ये स्वतः बांधलेल्या या गाडीचं इंजिन आपल्या पाठीमागे, आणि पाणी गार करणारा रेडिएटर पार पुढे, नाकाशी. मग उकळतं पाणी जाणार कुठून? दोन सीटच्या मधून, या बोगद्यातून. एक पाइप जायचा, एक यायचा. निमिषची अट एकच — बोगद्याच्या आत जोड नको, अख्खा पाइप हवा. गळलं तर बाहेर गळू दे, माणसाच्या अंगावर नको. बरोबरच आहे त्याचं. आणि ते काम त्याने मला दिलं — मला, ड्रिल चालू केलं तरी दचकते ती — आणि इथे अख्ख्या ल्यूकन गावभर सांगत सुटला, कूलंटचे पाइप रुचाने टाकले म्हणून.

तो ड्यूटीवर होता. मी आधीची चुकलेली खूण न पुसताच नवी खूण केली, करवत लावली, आणि तेवढ्यात कुरियरवाल्याने गॅरेजचा पत्रा असा बडवला — पाइप निसटला, परत धरला तो जुन्याच, चुकीच्या खुणेवर. आणि कापत राहिले. वीतभर आखूड. नवा इंग्लंडहून येणार, कस्टममध्ये अडकणार, आणि तुमचं तर उद्या विमान. एवढे महिने तुम्ही इथे स्टुलावर बसून त्याची हत्यारं पुसत होतात, बाबा, या एका चकरेसाठी. मग मी मध्ये रबराचा तुकडा घातला, दोन्हीकडून क्लिपा आवळल्या, वरून झाकण लावलं. निमिषने विचारलं, नीट झालं ना? मी म्हटलं, ग्रँड, इथले लोक ‘मस्त’ म्हणायला म्हणतात तसं. एवढंच. कुठे आहे जोड म्हणताय? — टॉवेल आहे तिथे.

कदाचित नाही गळणार. पाणी भरून बघितलंय मी, थेंब नाही आला. पण ते गार पाणी होतं, गार पाण्याचं काय. आमच्या कंपनीत, क्वालिटीत, कोणी एक झाकण चुकीचं बसवलं तरी मी त्याला समोर बसवून विचारते, तेव्हाच का नाही सांगितलंस? शांतपणे विचारते. मला वाटायचं, किती सोपा प्रश्न आहे.

मान का हलवताय? सांगू नको म्हणताय? अहो, हसताय काय — टॉवेल का काढताय, नका ना, बाबा, यंदाच तर ऑपरेशन झालंय त्या गुडघ्याचं. तुम्हाला चालेल हो. तुम्हाला या चकरेसाठी काहीही चालेल, ते माहीत होतं म्हणूनच तर मी —

आला तो. उतरा, माझा हात धरा. रागवा हवं तर, उद्या विमानतळावर बोलू नका माझ्याशी, पण आधी उतरा. निमिष, चावी दे इकडे. नारळ ठेव खाली. ते मधलं झाकण उघड.