साडूंनी केलेली पुली

…नाही, उपकार आहेतच हो त्यांचे, मी कुठं नाही म्हणतोय? पण उपकार करावेत आणि गप्प बसावं की नाही माणसानं? तुम्हाला सांगतो, आमचं सीएनसी लेथ मशीन म्हणजे जुनं खोड, बनवणारी कंपनीसुद्धा केव्हाच बंद, आणि नेमकी शाफ्टची ऑर्डर गळ्याशी आली असताना आतली पुली तडकली! पुली म्हणजे दातेरी चाक हो… मोटर ते फिरवते, त्यावर पट्टा, पट्ट्यानं स्क्रू फिरणार, स्क्रूनं हत्यार सरकणार… थोडक्यात, पुली नाही तर आम्ही नाही! शाफ्ट वेळेत दिले नाहीत तर गिऱ्हाईक जाणार कुणाकडे? आमच्या थोरल्या साडूंकडे, त्यांचं वर्कशॉप मागच्याच गल्लीत! आणि तशी पुली करून देणार कोण? तेच!

गेलो झक मारत. साडू चष्म्यावरून बघत म्हणतात, "तरी मी सांगत होतो, हे धूड घेऊ नका म्हणून! दाते किती?" म्हटलं, "एकतीस. मी स्वतः मोजलेत." "बघा हं, तुमच्या शब्दावर पाडतोय." आणि स्वतःचं चालू काम थांबवून पुली केली हो माणसानं! उपकार आहेत त्यांचे!

आणून बसवली, पट्टा चढवला, बटण दाबलं… हत्यार तीस मिलीमीटर सरकव सांगावं तर मशीन नेतंय एकतीस! मी मशीनला शिव्या देतोय, पट्ट्याला देतोय, साडूंना… मनातल्या मनात! तेवढ्यात बायको आली, जुनी पुली उचलली, पर्समधून नेलपॉलिश काढून एका दात्याला ठिपका लावला आणि मोजत मोजत ठिपक्यापर्यंत आली. "तीस!" म्हटलं, "अगं, एकतीस!" तर म्हणते, "अहो, सुरुवात केलीत तो दाता शेवटी परत मोजलात!"

आता हे तोंड आणि ती नेलपॉलिशच्या ठिपक्याची पुली घेऊन पुन्हा साडूंच्या दारात! साडूंनी नुसता चष्मा पुसला… बराच वेळ पुसला! आणि दुसरी पुली करायला घेतली. बसवली, तर लोण्यासारखं चालतंय मशीन! शाफ्ट न्यायला आलं तेव्हा गिऱ्हाईक म्हणतं, "मी तुमच्या साडूंना म्हटलं होतं, तुम्हीच करून टाका. तर म्हणाले, त्यांचं मशीन सुरू होतंय, दम धरा!" डोळ्यांत पाणी आलं हो, खोटं कशाला बोलू? चालून आलेली ऑर्डर कोण सोडतं?

पण तेव्हापासून चार पाहुणे जमले की साडू सुरू, "आमच्या साडूंना विचारा, तीसनंतर किती?"

काल त्यांच्याच मशीनची पुली गेली. फोन आला. म्हटलं, आली फेडायची वेळ! "हा निघालोच!" तर म्हणतात, "तुम्ही कशाला त्रास घेता? आमच्या मेहुणीला पाठवा… आणि येताना नेलपॉलिश आण म्हणावं."

आलो सोडून तिला. करणार काय… उपकार आहेत हो त्यांचे!