चिकूच्या क्लासचा सांधा

परवा काय झालं, अकराला साहेबांना प्रोग्राम दाखवायचा होता आणि कॉम्प्युटरवर पायथन सकाळपासून एकच रडगाणं गात होता: चिकूच्या क्लासला, म्हणजे कोडमधल्या चिकूच्या साच्याला, वजनच नाही! अरे, वजन वरच्या ‘फळ’ क्लासमधून आपोआप यायला हवं ना? बाबा शेजारी चहा पीत होते. सरावलीच्या वाडीत खिरणीच्या मुळं धरलेल्या खुंटावर चिकूची कलमं बांधण्यात त्यांचा जन्म गेलाय. त्यांना अडचण सांगितली.

“खुंटाचं पाणी वर चढत नाही म्हणजे सांधा बसला नाही. तिथे बघ.”

बघतो तर खरंच, चिकूच्या क्लासमधून फळाच्या क्लासला मी हाकच मारली नव्हती. एक ओळ टाकली आणि पावणेअकराला प्रोग्राम चालला. हुश्श!

“मग तीन तास काय करत होतास?”

म्हटलं, “सांधा सोडून पानं पुसत होतो, बाबा.”