जावयाच्या हातची गोळी

बंगळुरूतल्या के. आर. पुरमच्या औषधाच्या दुकानात रांगेत उभ्या आसावरीचे कान पुढच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे लागले.

"अहो, रक्त पातळ करायची जेनेरिक गोळी घ्या की. औषध तेच, म्हणाले डॉक्टर."

"ती आनेकलच्या कारखान्यात आपला जावई बनवतो."

"मग घरचीच झाली."

"म्हणूनच मी ब्रँडची घेतो. पोरगी पळवून नेली, आता माझा जीवही त्याच्या हाती देऊ?"

"ब्रँडचीही तिथंच बनते. पाकीट तेवढं वेगळं."

"तुला कोणी सांगितलं?"

"त्यानंच. तुम्ही ज्याच्याशी बोलत नाही, तो रोज तुमची तब्येत विचारतो."

म्हातारबुवांनी हातातलं पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"सरी, ठीक आहे. दिवाळीला बोलव त्याला. अंगठी घालू."

"एकदम एवढी माया?"

"माया कसली? गोळ्या जन्मभर घ्यायच्यात."