पहिल्या टाकीचा वारस

आत्या : हो बाजूला! या टाकीचं झाकण मी कुणालाही उघडू देणार नाही.

बाबा : ताई, तमाशा नको. बाहेर अंगणात पाहुणे ग्लास धरून उभे आहेत. सगळे हिला टाकीत उतरताना बघायला आलेत.

लेक : अगं आत्या, पाच मिनिटांचं काम आहे. वाइन काढून घेतलीय, तळाशी नुसता द्राक्षांचा चोथा उरलाय. उतरायचं, पहिलं घमेलं भरून वर द्यायचं, फोटो काढायचा. झाले मी मालकीण!

आत्या : आणि वर आलीच नाहीस, तर फोटो कुणाचा काढायचा?

बाबा : अभद्र बोलू नकोस. या घराची रीत आहे ती. मळ्याचा वारस हंगामातल्या पहिल्या टाकीत, आधी मेणबत्ती आत सोडून न बघता, उतरतो. अण्णा उतरले, मी उतरलो.

आत्या : मधला गाळलास.

लेक : मधला कोण?

आत्या : घ्या! भिंतीवर एवढा मोठा फलक लावलाय, ‘चार पिढ्यांची परंपरा’. तुझ्या पणजोबांनी खडकाळ माळावर वेली लावल्या, ते आहे. अण्णांनी, तुझ्या आजोबांनी, सिमेंटच्या टाक्या बांधल्या, तेही आहे. राखणीच्या कुत्र्याचासुद्धा फोटो आहे. आमचा दादा तेवढा नाही.

लेक : मोठे काका? ते हार्टने गेले ना?

आत्या : कसलं डोंबलाचं हार्ट! एकोणीस वर्षांचा तगडा पोरगा होता तो. रस फसफसतो ना, तेव्हा त्यातून वायू सुटतो आणि टाकीच्या तळाशी बसून राहतो. दिसत नाही. मेणबत्ती विझली की समजायचं, खाली माणूसही विझणार. दादा म्हणाला, अण्णा, आधी मेणबत्ती सोडून बघू. अण्णा म्हणाले, व्यापारी बघताहेत, बायकी चाळे पुरे.

बाबा : डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, हृदय कमजोर म्हणून.

आत्या : दोन पेट्या वाइन घरी गेल्यावर तो काहीही लिहून देत असे. दादा चोथ्यात तोंड खुपसून पडला होता, रे. अण्णांनी आधी व्यापाऱ्यांना जेवायला नेलं. मग त्याला वर काढलं.

बाबा : पुढच्याच हंगामात मला उतरवलं. सोळाचा होतो मी. टाकी माणूस खाते म्हणून बोंब झाली होती, आमचा माल कुणी उचलेना. मी उतरलो, घमेलं भरलं आणि वर आलो. अण्णांनी सगळ्यांदेखत खांद्यावर हात ठेवला. हा मळा त्या दिवशी वाचला, ताई. माझ्यामुळे.

लेक : बाबा, बाकीच्या टाक्यांत तुम्ही कामगारांना पंखा लावल्याशिवाय पाऊल टाकू देत नाही.

बाबा : तो कायदा आहे.

लेक : आणि मी?

बाबा : तू घरची आहेस.

आत्या : ऐकलंस? कामगार मेला तर चौकशी होते. घरचं मेलं की परंपरा होते.

लेक : मेणबत्ती आहे का कुणाकडे?

आत्या : धर. घेऊनच आलेय.

बाबा : खबरदार! पाहुणे आत आले तर माझी शोभा होईल.

लेक : होऊ दे.

(लेक झाकण सरकवते, पेटती मेणबत्ती तारेला बांधून आत सोडते.)

लेक : गेली. अर्ध्यावरच गेली.

बाबा : वाऱ्याने गेली असेल.

लेक : आत कुठला वारा, बाबा?

बाबा : पुन्हा लाव.

लेक : ...पुन्हा गेली.

बाबा : मग मी कसा आलो वर? सांग ना! मला काही झालं नाही. छातीत दम असला की माणूस—

आत्या : आईने आदल्या दिवसापासून टाकीचं खालचं दार उघडून ठेवलं होतं, रे. तोंडाशी पंखा लावून बसली होती. मेणबत्ती तळाशी नीट जळतेय हे बघितलं, तेव्हा कुठे दार लावलं.

बाबा : खोटं आहे हे.

आत्या : पंखा मी धरला होता.

बाबा : अण्णांनी सांगितलं असेल तिला तसं करायला. लोकांपुढे नुसता कडकपणा दाखवला असेल...

आत्या : अण्णांना पत्ताच नव्हता. ते तुला खरोखरच पाठवत होते.

बाबा : मग आईने मला कधी का नाही सांगितलं?

आत्या : सांगणार होती. पण तू वर आलास तो असा छाती काढून, महिनाभर तसाच हिंडत होतास. म्हणाली, एवढं तरी राहू दे त्याच्यापाशी.

लेक : बाबा, मी नाही उतरत. पाहुण्यांना मी सांगते काय ते.

बाबा : तू नको. मी उतरतो. मला एकदा तरी खरंच उतरू दे.

आत्या : खाली बस आधी. झाकण लावते मी.