वायर पुरेल तिथपर्यंत

उचला की, उचला — चावत नाही तो फोन. बंद आहे, कनेक्शन कधीच कापलं, पण पुसते मी रोज. तुमच्या भिंती मोजून झाल्या ना? मग बसा, चहा निवतोय. माझ्या मुलानं पाठवलंय म्हणालात, रंगकामाचा अंदाज काढायला — बरं. काढा. काय हो, हसताय? तुम्हालाही बोट घालून नंबर फिरवावासा वाटला ना? माझी नात मात्र फिरवेना. सुट्टीत आली होती बापाबरोबर, सात वर्षांची. भोकात बोट घातलं आणि दाबत बसली, दाबत बसली — मग मलाच म्हणते, आजी, हा हँग झालाय. म्हटलं, अगं फिरव. तर अख्खा फोनच उचलून गोल फिरवला. मग म्हणे, याला बांधून का ठेवलंय, पळून जातो का? म्हटलं, हो, हल्लीचे पळतात. कोणाचा फोन आलाय ते कसं कळायचं? उचलल्यावर. आणि नको असलेला माणूस निघाला तर? तर बोलायचं, दुसरं काय! मग रिसीव्हर जागेवर ठेवून दाखवला, तर डोळे एवढे मोठे — अय्या, म्हणून 'ठेवतो' म्हणतात होय? बाबा तर 'ठेवतो' म्हणतो आणि खिशात घालतो.

बिस्किट घ्या ना. तर मग तिचा खेळच झाला — बाबा-बाबा. तिच्या बापाला फोन आला की तो उठून गॅलरीत जातो, दार लोटून घेतो. हिलाही जायचं होतं, पण वायर कुठं पुरते? स्वयंपाकघराच्या दारापर्यंत, बस्स. आत मी शेंगा सोलत बसलेली. आणि ही दारात उभी, कमरेवर हात, हुबेहूब बापासारखं खाकरून — हां, बोला साहेब. तीनच खोल्या, पण हवेशीर. पाणी भरपूर. नाही, आईला अजून सांगितलं नाही, आधी गिऱ्हाईक पक्कं होऊ दे. तिची सोय बघतोय ना, चांगली जागा आहे, तिथं डॉक्टर असतो — आणि ठेवला. बरोबर जागेवर ठेवला हो, एकदाच दाखवलेलं. मी? शेंगा सोलल्या.

अहो, उठू नका, तुमचा काय दोष? रंगारी म्हणून आलात, पण नखाला रंगाचा ठिपका नाही, आणि रंगाऱ्याला नळाच्या पाण्याची चौकशी कशाला हो? तेव्हाच कळलं मला. पण माणूस बरे दिसता. घर आवडलंय तुम्हाला, खिडकीपाशी किती वेळ उभे होतात, पाहिलं मी. आणि खरं सांगू — जिना चढवत नाही मला आता. त्यानं समोर बसून विचारलं असतं ना, तर मी हो म्हणणार होते. हे कुणाला बोलले नव्हते, तुमच्यापाशी कशी बोलून गेले — जाऊ दे. विचारलं नाही त्यानं. त्याचं वाईट वाटतं. फार वाईट वाटतं.

वाजतोय तुमचा. त्याचाच ना? घ्या की. नको, मला नका देऊ — आणा इकडे. हॅलो. हो, मीच. हो, झालं त्यांचं मोजून, चहा घेतायत. पोरीला रागवायचं नाही, सांगून ठेवते. ती फोनवर बोलत होती, माझ्याशी नाही. काय? नाही, असं नाही ऐकणार. इथं ये, माझ्यासमोर बस, आणि विचार मला. घर मी देईन की नाही देईन, ते तेव्हा. नाही, बायकोला नको, तू एकटा ये.

धरा तुमचा. आणि मघाचं, मी हो म्हणणार होते ते — त्याला सांगायचं नाही. अजिबात नाही. विचारू दे आधी. चला, निघा आता, मला जागा झाडायचीय.