लांबचा नेम

"रिव्हॉल्व्हरनं हरीण मारावं तर लांबूनच. रायफलनं काय, कुणीही मारतं," माँटानातल्या एका खाटकाच्या दुकानातल्या रांगेत ऑरिन मित्राला सांगत होता. मागं उभ्या लॉर्नाच्या कानावर सगळं पडत होतं.

"परवा किती लांबून मारलंस?"

"दीडशे पावलं असतील."

"पडलं का?"

"मागच्या पायाला लागलं. लंगडत गेलं."

"आणि तू मागावर गेला नाहीस?"

"थंडी फार होती रे."

"मग इथं कशाला आलात, शिकारीसाहेब?" मित्रानं चिडवलं.

"सॉसेज न्यायला. बायकोला हरणाचंच म्हणून सांगीन."

लॉर्नानं विचारलं, "डावा पाय का हो?"

ऑरिननं मागं न बघताच हो म्हटलं.

"काल माझ्या कुंपणात अडकलं होतं. मलाच संपवावं लागलं. बाहेर गाडीत आहे, हवं तर न्या."

तेवढ्यात ऑरिनचा नंबर आला. दुकानात फक्त डुकराचं सॉसेज होतं. त्यानं दोन पाकिटं घेतली.