न पळणारा खेकडा

अंदमानच्या ट्रिपपासून भाऊसाहेब माझ्याशी धड बोलत न्हाईत, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत न्हाई.

एका बियाणं कंपनीनं आमचे मालक, भाऊसाहेब अशा तीर्थपुरीच्या खत-औषधाच्या दुकानदारांना सहकुटुंब नेल्तं. सोबत आपलाच आचारी, आपलाच काळा मसाला. ओहोटीला भाऊसाहेबांनी खडकातून सात-आठ नक्षीदार खेकडे वेचून आणले आणि कुकरमध्ये रस्सा चढवला.

मी शाळेत विज्ञान शिकवते. विचारलं, "भाऊसाहेब, हे पळाले न्हाईत?"

"न्हाई वहिनी! बसल्या जागी गावले. लईच गरीब."

"आपल्या ओढ्यातला खेकडा नुसती सावली पडली तरी बिळात घुसतो. ह्याला कुणी खातच न्हाई, मंग हा कशाला पळंल? प्रवाळातल्या अशा काही खेकड्यांच्या मांसातच विष असतंय."

"मंग दहा शिट्ट्या काढू की. विष पार मरंल."

"शिजवून जात न्हाई ते. तुमच्या दुकानातलं लाल त्रिकोणाचं फवारणीचं औषध दहा शिट्ट्या काढून पिताल का?"

ते हसले आणि आचाऱ्याला म्हणाले, "वाढायला घे."

मंग मी फडक्यानं कुकर उचलला, समदा रस्सा वाळूतल्या एका खड्ड्यात ओतला आणि वर वाळू लोटली.

त्या दिवशी समदे चटणी-भातावर राह्यले. सकाळी नाश्त्याला एकबी माणूस माझ्याशी बोलंना. आमचे मालकसुद्धा तोंड फिरवून बसले.

मी म्हटलं, "नका बोलू. नाश्त्याला समदे उठून आलात, मला तेवढं बास झालं."